दुसरी वेलांटी

अनगोळात आमच्या गच्चीवर, मे संपता संपता,
लोकरीचे सात जोड पायमोजे वाळत होते.
कठड्यापलीकडून मंगसुळीकर काकी म्हणाल्या,
"काय गं, ह्या उन्हात कुणाला थंडी वाजायली?"

वाजली होती की.
सोमनाथनं बोनसच्या पैशातून सगळ्यांना नेलं होतं,
आप्पा, आई, मी, वहिनी, दोन पोरं,
नॉर्वेच्याही वर,
शाळेच्या नकाशात सुतळी ओवायला भोक पाडतात, तिथं.

उद्यमबागेत बत्तीस वर्षं ओतकाम केलेले आप्पा
शिडीवरून जहाजात शिरण्याआधी थांबले.
बोटाच्या पेरानं पत्रा वाजवला, कान लावला.
"कास्टिंग न्हवं. प्लेट हाय."
मागं रांग खोळंबलेली.
मग पाऊल टाकलं.

बर्फाचा कडा समोर आला, तसे सगळ्यांचे मोबाईल वर गेले.
आप्पांचा पंजा गेला डोळ्यांपुढं,
भट्टीचं दार उघडताना जायचा तसा.
एवढा पांढरा उजेड त्यांनी
फक्त वितळलेल्या लोखंडात पाहिलेला.

रात्र काही होईना.
धाकटी पडद्याच्या फटीतून विचारत राहिली,
"बटण कुठाय ह्याचं?"
आई दह्यासाठी झुरत होती; तिथलं दही गोड,
त्यात लाल फळाचे तुकडे,
बाळंतिणीच्या पथ्यासारखं चमच्यानं खायचं.

चौथ्या दिवशी चादरी बदलणारा पोरगा
जाता जाता दारात घुटमळला.
छातीवर बिल्ला: मल्ली, इंडिया.
खिशातून एक पुडी काढून आईच्या हातात दिली.
शेंगा हिंडी. लसणाचा वास खोलीभर.
त्याच्या अव्वानं बांधून दिलेली, तळाची, शेवटची.

आणि आप्पा,
ज्यांनी आमच्या घरात कन्नड पेपर कधी येऊ दिला नाही,
बसची पाटी वाचता येत असून
"कुठली गाडी ओ?" असं विचारत राहिले,
पलंगावरून उठून बसत म्हणाले,
"याव ऊर्री?"

बैलहोंगल.

मग जे सुरू झालं ते मला कळत होतं निम्मं.
पाऊस, कांद्याचा दर, कुणाची तरी सोयरीक,
थंडी भाळ, थंडी भाळ.
अडखळणं नाही, शब्द शोधणं नाही.
साच्यात माती ठोकणाऱ्या हुसेनप्पाबरोबर
पाळी-पाळीला शिकलेली ती भाषा
त्यांनी डब्यासारखी रोज कारखान्यातच धुऊन ठेवली होती.
आई माझ्याकडं बघेना. तिला माहीत असावं.

तो म्हणाला, आमचं बेळगावी.
आप्पा म्हणाले, आमचं बेळगाव.
दोघांनीही दुरुस्त केलं नाही.
ती एक दुसरी वेलांटी तेवढी
कठड्यावरून खाली पडली असणार;
कुणी वाकून बघितलं नाही.
पाणी फार खोल होतं,
आणि हिंडी संपत आली होती.

एक नोव्हेंबरला आप्पांनी नेहमीप्रमाणे
दंडाला काळी फीत बांधली, सायकल पुसली,
फेरीला जाऊन आले.
घसा बसलेला. आईनं हळदीचं दूध दिलं.
फीत उशीखाली घडी करून ठेवली, पुढल्या वर्षाला.

अकराच्या सुमाराला त्यांचा फोन थरथरला.
जहाज आता कुठल्या तरी दुसऱ्या समुद्रात.
आप्पा चप्पल हातात घेऊन जिना चढले,
पोरं उठू नयेत म्हणून,
की आणखी कशासाठी, काय की.

वरून बसक्या आवाजात ऐकू आलं,
"ऊटा आत?"

मंगसुळीकर काकींच्या खिडकीत दिवा लागला.
"कुणाशी बोलायलेत ओ एवढ्या रात्री?"

आई अंथरुणातूनच म्हणाली,
"बैलहोंगलचं पोरगं हाय एक.
तिकडं अजून उजेड असतोय."